वहीत मावलेली भट्टी

दारूची भट्टी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गावाबाहेरचा ओढा, झुडपांआड लपवलेला हंडा आणि पहाटेची पोलिसांची धाड असेच चित्र उभे राहते. महाविद्यालयाच्या वार्षिकात व्हिस्कीच्या भट्टीविषयीचा लेख पाहून काही गुरुजनांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला जाणीव आहे. तथापि ज्याचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, तो माणूस त्या भट्टीच्या दारात गिऱ्हाईक म्हणून गेला नव्हता. विद्यार्थी म्हणून गेला होता. हातात वही, खिशात पेन आणि जेमतेम बोलता येणारी परभाषा एवढ्या भांडवलावर मासाताका ताकेत्सुरु हा जपानी तरुण स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात शिरला आणि तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आपल्या देशात घेऊन आला. ती त्याने कशी मिळवली, तिच्यासाठी कोणी काय मोजले आणि अखेर त्या विद्येचे काय झाले, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

मासाताकाचा जन्म २० जून १८९४ रोजी हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा या गावी झाला. घराण्याचा धंदा साके बनवण्याचा. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानचे परंपरागत मद्य. आंबवणाचा वास आणि पिंपांची खदखद यांतच हा मुलगा वाढला. वडिलांचा धंदा त्याने पुढे चालवावा, ही घरच्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. त्या दृष्टीनेच ओसाकाच्या तंत्रविद्यालयात त्याने मद्यनिर्मितीचे शिक्षण घेतले. परंतु शिकता शिकता त्याला पाश्चात्त्य मद्यांचे कुतूहल लागले आणि १९१६ साली तो सेत्सू शुझो या ओसाकाच्या कंपनीत दाखल झाला.

त्या काळी जपानात व्हिस्की या नावाने जे विकले जाई, ते बव्हंशी सोंग होते. साध्या मद्यार्कात रंग व सुवास मिसळायचा आणि बाटलीवर विलायती वळणाची चिठ्ठी डकवायची, की झाली व्हिस्की! ही नक्कल फार काळ चालणार नाही, हे कंपनीचे मालक किहेई आबे यांनी ओळखले. खरी व्हिस्की जेथे होते तेथे जाऊन ती शिकून येईल असा माणूस त्यांना हवा होता. त्यांनी मासाताकाची निवड केली. १९१८ च्या उन्हाळ्यात तो निघाला आणि अमेरिकेमार्गे डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. पहिले महायुद्ध संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते. मासाताकाचे वय होते चोवीस.

ग्लासगो येथे त्याने विद्यापीठात आणि तेथील तंत्रमहाविद्यालयात रसायनशास्त्राच्या वर्गांना नाव घातले. परंतु लवकरच त्याच्या ध्यानात आले, की व्याख्यानांत जे सांगितले जाते त्यातले बरेचसे आपण ओसाकातच शिकलो आहोत, आणि जे शिकायला आलो ते या खोल्यांत कोणी सांगत नाही. मग त्याला नेटलटन यांचा व्हिस्की बनवण्यावरील १९१३ सालचा जाडजूड ग्रंथ मिळाला. शब्दकोश उशाला घेऊन त्याने तो अभ्यासला. पण पुस्तकात वाचून पोहता येत नाही, तसेच हेही. १९१९ च्या एप्रिलमध्ये तो नेटलटन यांनाच भेटण्यासाठी उत्तरेकडे एल्गिनला गेला. ग्रंथकारांनी शिकवणीसाठी जी रक्कम सांगितली, ती या परदेशी विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरची होती. मोठ्या आशेने इतका प्रवास करून आलेल्या तरुणाला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

एल्गिनच्या दक्षिणेला डोंगर आहेत. त्या डोंगरांतून स्पे नदी वेगाने समुद्राकडे उतरते आणि तिच्या खोऱ्यात व त्याच्या आसपास भट्ट्यांची दाटी आहे. थंड हवा, बारमाही झरे, पायथ्याशी पिकणारे सातू आणि डोंगरपठारावर दलदलीत मिळणारे पीट यांमुळे हा धंदा तेथे रुजला. त्यात पूर्वी करवसुली अधिकाऱ्यांना चुकवायला डोंगरासारखा आडोसा नाही! १८२३ च्या कायद्याने परवान्याची वाट सोपी केल्यावर ही चोरटी विद्या उजेडात आली. हिरमुसून परत जाण्याऐवजी मासाताकाने या भट्ट्यांची दारे ठोठावली. लाँगमॉर्न नावाच्या भट्टीने दार उघडले. १८९० च्या दशकात उभारलेली ही भट्टी, म्हणजे भट्टी आणि पाहुणा जवळपास एकाच वयाचे! तिच्या व्यवस्थापकांनी त्याला काही दिवस आत राहून काम पाहण्याची आणि करण्याची मुभा दिली.

जेमतेम आठवडाभराची ही भेट. परंतु तिने त्याच्या आयुष्याची दिशा पक्की केली. त्याने काय पाहिले, ते थोडक्यात सांगतो. सातू, म्हणजे बार्ली, दोन-तीन दिवस भिजत घालायचे. मग दगडी जमिनीवर पसरायचे आणि मोड येईपर्यंत लाकडी फावड्यांनी दिवसरात्र वरखाली करायचे. मटकीला मोड आणणाऱ्या आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही. मोडामुळे दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची सोय होते. ती योग्य वेळी थांबवण्यासाठी दाणे सुकवावे लागतात. त्यासाठी खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून दबलेला वनस्पतींचा थर. त्याच्या धुराचा वास दाण्यात उतरतो आणि पुढे थेट व्हिस्कीपर्यंत टिकतो. मग दाणे भरडायचे, गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढायचे आणि यीस्ट घालून ते आंबवायचे.

आता खरी भट्टी. तांब्याची, घागरीसारख्या पोटाची आणि उंच मानेची प्रचंड भांडी. त्यांत हे आंबवण दोनदा ऊर्ध्वपातित करतात. तांबेच का, तर वाफेतील गंधकाचे दुर्गंधी अंश ते शोषून घेते. दुसऱ्या वेळी जी धार येते, तिचा सुरुवातीचा भाग उग्र आणि शेवटचा कसनुसा असतो. मधला तेवढा ठेवायचा आणि बाकीचा पुन्हा भांड्यात घालायचा. ही धार तेव्हा सरकारी कुलूप लावलेल्या काचेच्या पेटीतून वाहत असे. भट्टी चालवणाऱ्यालाही ती हाताने घेऊन चाखता येत नसे. काचेआडून पाहून आणि मापे घेऊन नेमका क्षण साधायचा. अखेर ते पाण्यासारखे पांढरे द्रव्य ओक लाकडाच्या पिंपांत भरून थंड कोठारात निजवून ठेवायचे. निदान तीन वर्षे तरी ठेवलेच पाहिजे, असा तेथील कायदा. दरवर्षी पिंपातून थोडेथोडे उडून जाते, त्याला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात.

मासाताका दिवसभर हे पाही, फावडे मारी आणि रात्री खोलीवर येऊन वहीत उतरवी. भांड्यांची मापे, तपमान, वेळा, नळ्यांची वळणे, सारे काही. पुढे त्याने बोनेस येथील कारखान्यात धान्यापासून अखंड ऊर्ध्वपातन करण्याची वेगळी पद्धतही पाहिली. तरी त्याचे समाधान होत नव्हते. काही दिवसांच्या भेटीत पाहुणा होता येते, कारागीर होता येत नाही.

याच काळात त्याच्या आयुष्यात रिटा आली. ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉक गावात कोवन नावाचे एक डॉक्टरांचे कुटुंब होते. डॉक्टर १९१८ मध्येच निवर्तले होते. घरच्या धाकट्या मुलाला ज्युदो शिकवायला हा जपानी विद्यार्थी येऊ लागला आणि थोरल्या बहिणीशी, जेसी रोबर्टा ऊर्फ रिटाशी, त्याचा स्नेह जुळला. दोन्ही घरांतून कडाडून विरोध झाला. स्कॉटलंडमध्ये आईला मुलगी जगाच्या टोकाला जाणे पसंत नव्हते, आणि जपानात थोरामोठ्यांना ही परकी सून मान्य नव्हती. ८ जानेवारी १९२० रोजी ग्लासगोच्या नोंदणी कचेरीत दोघांनी लग्न केले. तिच्यासाठी आपण स्कॉटलंडमध्येच राहू, असा विचार मासाताकाने बोलून दाखवला असे सांगतात. पण जपानात खरी व्हिस्की करण्याचे त्याचे स्वप्न मोडू नये, हा निर्णय रिटाने दिला.

लग्नानंतर दोघे पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅम्बेलटाउनला गेले. तेथील हेझलबर्न भट्टीत पीटर इनेस या रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली मासाताकाला काही महिने उमेदवारी करायला मिळाली. येथे तो पाहुणा राहिला नाही. मोठ्या भांड्यात उतरून ते आतून घासण्याचे काम कोणालाच नको असे. ते त्याने मागून घेतले, असे सांगतात. घासता घासता भांड्याचा आतला आकार त्याच्या हातांना पाठ झाला. १९२० च्या मे महिन्यात त्याने आपल्या नोंदी दोन वह्यांत नीटनेटक्या लिहून काढल्या. भट्टीची रचना, खर्चाचे हिशेब, एवढेच नव्हे तर कामगारांच्या मजुरीचा आणि कामाच्या तासांचा विचारही त्यांत आहे. दैवाचा खेळ पाहा! कॅम्बेलटाउनच्या भट्ट्या त्यानंतर काही वर्षांत एकामागून एक बंद पडल्या. १९२५ साली हेझलबर्नही थंड झाली. तिची रोजची कामाची रीत मात्र जपानी अक्षरांत शिल्लक उरली.

१९२० च्या अखेरीस दोघे जपानला पोहोचली. वाटेत लागलेल्या अमेरिकेत त्याच वर्षी देशभर दारूबंदी सुरू झाली होती. जपानात युद्धोत्तर मंदी आली होती. ज्या कंपनीने त्याला पाठवले, तिच्याकडे आता खरी भट्टी उभारायला पैसा नव्हता. पुन्हा तेच रंग आणि सुवास मिसळण्याचे काम! दोन वर्षे वाट पाहून त्याने राजीनामा दिला. ज्या माणसाच्या वहीत अख्खी भट्टी होती, तो एका शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागला. रिटा इंग्रजीच्या व पियानोच्या शिकवण्या करून संसाराला हातभार लावी. परक्या गावात, अपुऱ्या भाषेत तिने हे दिवस कसे काढले, याचा विचार आपण मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना सहसा करीत नाही.

१९२३ साली कोतोबुकिया या कंपनीचे मालक शिंजिरो तोरिई त्याच्या दारी आले. हीच कंपनी पुढे सन्तोरी या नावाने प्रसिद्ध झाली. तोरिई यांनी त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. मासाताकाच्या मते भट्टीची जागा दूर उत्तरेच्या थंड होक्काइदोत हवी होती. तोरिई हे जातिवंत व्यापारी. बाजारपेठ जवळ हवी आणि लोकांना भट्टी पाहता यावी म्हणून त्यांनी क्योतो व ओसाका यांच्या दरम्यानचे यामाझाकी निवडले. तेथे तीन नद्या एकत्र येतात, धुके दाटते, आणि पाण्याची कीर्ती जुन्या चहागुरूंपासूनची. वही उघडली गेली आणि १९२४ मध्ये जपानमधली माल्ट व्हिस्कीची ही पहिली मोठी भट्टी पेटली.

१९२९ साली तेथील व्हिस्की बाजारात आली आणि साफ पडली. पीटच्या धुराचा वास जपानी नाकाला करपल्यासारखा वाटला. येथे आपण जरा थांबले पाहिजे. चरित्रनायकाच्या बाजूने बोलायचे आणि तोरिई यांना केवळ पैसा ओळखणारे ठरवायचे, हा मोह सोपा आहे. पण तो न्याय नव्हे. लोकांच्या जेवणाशी, जिभेशी जमेल असे काही करावे, हे तोरिई यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि पुढे त्याच वाटेने त्यांनी यश मिळवले. मासाताकाचा आग्रह असा, की शिकलेली गोष्ट आधी पुरी आणि खरी करावी. नकली व्हिस्कीच्या देशातून निघालेल्या माणसाला तडजोडीची भीती वाटणे समजण्यासारखे आहे. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. मासाताकाला बियरच्या कारखान्यावर धाडण्यात आले. दहा वर्षांचा करार संपला आणि १९३४ साली तो बाहेर पडला.

वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याने होक्काइदोतील योइची या गावी नव्याने डाव मांडला. एका बाजूला समुद्र, उरलेल्या तिन्ही बाजूंना डोंगर, थंड दमट हवा आणि जवळच पीट. स्कॉटलंडची आठवण करून देणारी ही जागा त्याला पंधरा वर्षांपासून हवी होती. पण व्हिस्की मुरायला वर्षे लागतात, तोवर खायचे काय? योइची सफरचंदांचे गाव. म्हणून कंपनी स्थापन झाली ती फळांच्या रसाची. भांडवलदारांत एक सद्‌गृहस्थ असे होते, की ज्यांच्या घरी रिटा इंग्रजी शिकवायला जात असे. १९३६ मध्ये तांब्याचे भांडे आले. पैशाअभावी एकच. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही वेळच्या ऊर्ध्वपातनाला तेच वापरायचे. १९४० साली पहिली व्हिस्की बाजारात आली. कंपनीच्या 'निप्पोन काजू', म्हणजे जपानी फलरस, या नावातली आद्याक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले 'निक्का'.

आणि युद्ध आले. नौदलाला व्हिस्की हवी होती, त्यामुळे भट्टी चालू राहिली. रिटाचे दिवस मात्र कठीण झाले. जपानी जेवण, जपानी लोणची, जपानी रीतिरिवाज तिने मनापासून आत्मसात केले होते. पण तिचे डोळे आणि केस शत्रूच्या देशातले होते. तिच्यावर पाळत राहिली, घराची झडती झाली. ज्या गावाला तिने आपले मानले, तेथे तिला हेर समजणारे लोक निघाले. ती गाव सोडून गेली नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी, चौसष्टाव्या वर्षी तिचे निधन झाले. अंत्ययात्रेला सामोरे जाण्याचेही बळ मासाताकाला उरले नव्हते, असे सांगतात. पुढल्याच वर्षी त्याने एक नवी व्हिस्की सिद्ध केली. ती रिटाच्या स्मरणार्थ, असे मानले जाते. योइचीत आज रिटाच्या नावाचा रस्ता आहे.

मासाताका त्यानंतरही थांबला नाही. तरुणपणी बोनेसला पाहिलेल्या अखंड ऊर्ध्वपातनाची यंत्रे त्याने १९६३ साली जपानात आणवली. वहीतली ती पाने चाळीसहून अधिक वर्षे वाट पाहत होती! १९६९ मध्ये सेंदाईजवळ, डोंगरदऱ्यांत दोन नद्यांच्या बेचक्यात, त्याने मियागिक्यो ही दुसरी भट्टी उभारली. जागा शोधताना त्याने नदीचे पाणी व्हिस्कीत मिसळून चाखले आणि तेथेच निर्णय घेतला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. या नव्या भट्टीत त्याने योइचीची नक्कल केली नाही. योइचीत निखाऱ्यांची धग आणि जड, धुरकट व्हिस्की. मियागिक्योत वाफेची सौम्य उष्णता आणि हलकी, फळांच्या वासाची. पूर्वी तडजोडीला घाबरणारा विद्यार्थी आता जागेचे म्हणणे ऐकू लागला होता. २९ ऑगस्ट १९७९ रोजी, पंचाऐंशीव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. योइचीच्या टेकडीवर तो रिटाशेजारी विसावला आहे.

१९६२ च्या सुमारास जपानला आलेल्या एका ब्रिटिश मंत्र्याने थट्टेत म्हटले होते, की एक तरुण आला आणि पेन व वहीच्या जोरावर आमचे गुपित घेऊन गेला. थट्टा गोड आहे, परंतु ती खरी वाटत नाही. पेनाने जे नेता येते, ते नेटलटन यांच्या ग्रंथात छापलेलेच होते. भांड्यात उतरून घासलेला तळ, फावड्याने हाताला आलेले घट्टे आणि पिंपांशेजारी वाट पाहण्याची सवय या गोष्टी वहीत लिहून नेता येत नाहीत. वही त्यांची फक्त साक्षीदार.

२००१ साली एका नामांकित ब्रिटिश मासिकाच्या चाचणीत योइचीची दहा वर्षे मुरलेली व्हिस्की सर्वोत्तम ठरली. २०१४ मध्ये या दाम्पत्याच्या जीवनावर आधारलेली मालिका जपानी दूरचित्रवाणीवर आली आणि घरोघर पाहिली गेली. बाहेरून आणलेली व्हिस्की जपानी म्हणून विकू नये, असे नियम तेथील उत्पादकांच्या संघटनेने २०२१ साली स्वतःवर घालून घेतले. मासाताका ज्या सोंगाविरुद्ध निघाला होता, त्याविरुद्धची लढाई अशी शंभर वर्षांनंतरही चालूच आहे.

आपल्याकडे प्रयोगवही पुरी करण्याची एक जुनी वहिवाट आहे. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही आणायची, आकडे उतरवायचे, सही घ्यायची. मीही ती पाळली आहे. त्या वहीत सारे काही बरोबर असते, फक्त आपण नसतो. मासाताकाच्या दोन वह्यांचा विचार करताना मला आपल्या वह्यांची लाज वाटली, म्हणून हा लेख लिहिला. योइचीच्या भट्टीत आजही कोळसा हाताने, फावड्याने टाकतात. दर काही मिनिटांनी कोणीतरी आगीसमोर उभे राहून धग जोखते. तांब्याच्या भांड्यांच्या मानेला गवताची पवित्र दोरी बांधलेली असते. ती स्कॉटलंडची नव्हे. ताकेहाराच्या साकेघरातून आलेली.